अमेरिकेत घराचे हप्ते थकले तर: ३६, ४५, १२० आणि ३७ दिवसांचा हिशेब

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांत नोकरी गेली की पहिली चर्चा व्हिसाची होते, दुसरी मुलांच्या शाळेची. घराच्या हप्त्याचा विषय निघतो तो बचत संपत आल्यावर, आणि तोही दबक्या आवाजात. तोवर एक-दोन हप्ते चुकलेले असतात आणि सर्व्हिसरचे, म्हणजे हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीचे, लिफाफे न उघडता ड्रॉवरमध्ये जाऊन पडलेले असतात. हा लेख त्या ड्रॉवरवाल्यांसाठी आहे.

२००८ च्या सुमारास घरबाजार कोसळला तेव्हा सर्व्हिसर एका हाताने ‘तुमचा अर्ज तपासतो आहोत’ अशी पत्रं पाठवत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच घराचा लिलाव करत होते. त्यावर उपाय म्हणून २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने स्थापन झालेल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने (सीएफपीबी) ‘रेग्युलेशन एक्स’मध्ये, म्हणजे गृहकर्ज सांभाळण्याविषयीच्या केंद्रीय नियमावलीत, नवे नियम घातले. १० जानेवारी २०१४ पासून ते लागू आहेत. कलम १०२४.३९, १०२४.४० आणि १०२४.४१ एवढीच तीन कलमं तुमच्या कामाची. २०२४ मध्ये ब्युरोने ती सोपी करण्याचा प्रस्ताव मांडला होता, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करताना ब्युरोच्या संकेतस्थळावरचा चालू पाठ डोळ्यांखालून घाला.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. सवलत दिलीच पाहिजे, असं हे नियम कुठेही सांगत नाहीत. सर्व्हिसरने अमुक दिवसांत संपर्क करावा, अमुक दिवसांत उत्तर द्यावं आणि तोवर फोरक्लोजरचं, म्हणजे थकबाकीपोटी घर ताब्यात घेऊन विकण्याचं, पाऊल पुढे टाकू नये, एवढंच ते सांगतात. त्याने किती थांबायचं हे एकाच तारखेवर ठरतं: तुमचा ‘पूर्ण’ अर्ज त्याच्या हाती कधी पडला. बाकीचा सगळा हिशेब या तारखेभोवती फिरतो.

नियम तुम्हाला लागू आहेत का?

तुम्ही स्वतः राहता ते मुख्य घर असेल तरच हे संरक्षण मिळतं. गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने दिलेलं दुसरं टाउनहाउस यात बसत नाही. आपल्या लोकांमध्ये अशी दुसरी घरं बरीच असतात. पैसा दोन्हीकडे पुरत नसेल तर कुठला हप्ता आधी थकवायचा, हे ठरवताना हा फरक लक्षात असू द्या. घराच्या तारणावर घेतलेली फिरती कर्जमर्यादा, जिला तिथे ‘हेलॉक’ म्हणतात, तीही बाहेर. सर्व्हिसर लहान असेल, म्हणजे ढोबळमानाने ५,००० किंवा त्याहून कमी कर्जं, आणि तीही स्वतःचीच, सांभाळणारा, तर १२० दिवसांचा नियम त्याला बांधतो, पण उत्तराच्या बहुतेक मुदती बांधत नाहीत.

कर्जाचा खरा मालक कोण, हेही शोधून ठेवा. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन संस्थांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकला की कर्ज त्यांच्याकडे आहे का ते कळतं. एफएचए (सरकारी विमा असलेलं) किंवा व्हीए (माजी सैनिकांसाठीचं) कर्ज असेल तर ते तुमच्या कागदपत्रांवरच लिहिलेलं असतं. कुठल्या सवलती मिळू शकतात ते मालक किंवा कर्जाची हमी घेणारी सरकारी संस्था ठरवते. सर्व्हिसर हा मालकाचा मुनीम.

दिवस कधीपासून मोजायचे?

हप्ता देय झाला आणि भरला गेला नाही, त्या तारखेपासून. लेट फी साधारण १५ दिवसांनी लागते म्हणून अनेकांना वाटतं की थकबाकीही तेव्हाच सुरू होते. तसं नाही. लेट फी लागो वा न लागो, घड्याळ देय तारखेलाच सुरू होतं.

लीप नसलेल्या वर्षातला १ जानेवारीचा हप्ता चुकला असं धरू. ६ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ३६ दिवसांत, सर्व्हिसरने तुमच्याशी प्रत्यक्ष बोलण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो. १५ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ४५ दिवसांत, मदतीचे कोणते पर्याय असू शकतात याचं लेखी पत्र यायला हवं आणि तुमच्या खात्यासाठी माणूस किंवा गट नेमलेला असायला हवा. १ मे रोजी १२० दिवस भरतात. थकबाकी १२० दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय फोरक्लोजरची पहिली नोटीस बजावता येत नाही किंवा कोर्टात पहिला कागद दाखल करता येत नाही. म्हणजे सर्व्हिसरला २ मेपासून मोकळीक.

आता एक बारकावा, जो फोनवर सहसा कोणी सांगत नाही. जानेवारीचा हप्ता चुकला, पण फेब्रुवारीत तुम्ही एक पूर्ण हप्ता भरला आणि सर्व्हिसरने तो सर्वांत जुन्या थकबाकीला लावला, तर जानेवारी फिटला. थकबाकी आता १ फेब्रुवारीपासून मोजली जाते. दर महिन्याला एक पूर्ण हप्ता भरत राहिलात तर कायम एक हप्ता मागे असूनही १२० दिवस कधीच भरत नाहीत. क्रेडिट स्कोअर खराब होईल, लेट फी लागत राहील, पण घर वाचेल. अर्धा हप्ता मात्र असा उपयोगी पडत नाही. तो बहुधा वेगळ्या खात्यात अधांतरी पडून राहतो आणि घड्याळ चालूच राहतं. हातात दीड हप्त्याचे पैसे असतील तर एक पूर्ण हप्ता भरा आणि उरलेलं किराणा-विजेला ठेवा.

भारतातल्या पद्धतीशी याची गल्लत करू नका. तिथे ९० दिवस थकल्यावर कर्ज एनपीए होतं आणि मग सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. तो वेगळा कायदा आणि वेगळा क्रम. पुण्याच्या काकांचा बँकेतला अनुभव इथे कामाला येत नाही.

पहिले ४५ दिवस

फोन उचला. प्रयत्न करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे, पण तुम्ही फोन टाळलात तर ‘आम्ही प्रयत्न केला होता’ एवढीच नोंद होते. बोलताना तारीख, वेळ, समोरच्याचं नाव आणि आयडी क्रमांक वहीत लिहा. नोकरी गेली आहे, आजारपण आहे, घटस्फोट झाला आहे, जे असेल ते दोन वाक्यांत सांगा आणि एकच मागणी करा: लॉस मिटिगेशनचा अर्ज पाठवा. घर वाचवण्याच्या किंवा निदान लिलाव टाळण्याच्या सगळ्या मार्गांना मिळून सर्व्हिसर हेच नाव वापरतात.

याच काळात गृहनिर्माण खात्याने, म्हणजे एचयूडीने, मान्यता दिलेल्या सल्लागाराला गाठा. ८८८-९९५-४६७३ या क्रमांकावर फोन लागतो आणि सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे मित्राच्या ओळखीतला रिअल इस्टेट एजंट हाच पहिला सल्लागार असतो. त्याला घर विकायचं असतं, हे विसरू नका.

काही राज्यांत या १२० दिवसांच्या आतच एखादं धडकी भरवणारं पत्र येतं. न्यू जर्सीत दावा दाखल करण्याच्या किमान ३० दिवस आधी ‘फोरक्लोजरचा इरादा’ कळवावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये ९० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. ही पत्रं म्हणजे फोरक्लोजरची सुरुवात नव्हे, त्यामुळे १२० दिवसांचा नियम मोडला असा कांगावा करून उपयोग नाही. पण पत्रावरची तारीख फाइलला लावून ठेवा.

अर्ज ‘पूर्ण’ करणं

घर वाचतं किंवा जातं ते बहुतेक वेळा इथेच.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅकच्या कर्जांसाठी साधारणपणे फॉर्म ७१० असतो. सोबत उत्पन्नाचे पुरावे (पगाराच्या अलीकडच्या स्लिपा, बेरोजगार भत्त्याचं पत्र, व्यवसाय असेल तर नफा-तोट्याचा तक्ता), बँक स्टेटमेंटं, टॅक्स रिटर्न किंवा आयआरएसकडून माहिती मागवायची परवानगी देणारा फॉर्म ४५०६-सी, आणि अडचण का आली याचं निवेदन. कोणते कागद लागतील हे सर्व्हिसर आणि कर्जाचा मालक ठरवतात, म्हणून यादी त्यांच्याकडूनच लेखी घ्या. कर्जावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांच्याही सह्या. बँक स्टेटमेंटची शेवटची कोरी पानंसुद्धा जोडा. ‘पान ६ पैकी ५’ एवढ्यावरून अर्ज अपूर्ण ठरल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

भारतातून आईवडिलांनी किंवा भावाने पैसे पाठवले असतील तर त्या रकमेसमोर चिठ्ठी जोडा: हे कौटुंबिक साहाय्य आहे, नियमित उत्पन्न नाही. नाहीतर दोन लाख रुपयांची एक रक्कम तुमच्या मासिक उत्पन्नात धरली जाईल आणि तुम्हाला मदतीची गरजच नाही असा निष्कर्ष निघेल.

अडचणीचं निवेदन एका पानात बसवा. काय झालं, कधी झालं, ते तात्पुरतं आहे की कायमचं, आणि आता दरमहा किती भरता येईल. आपल्याला लाज वाटते म्हणून आपण एकतर काहीच सांगत नाही, नाहीतर सगळी कर्मकहाणी लिहितो. वाचणाऱ्याला तारखा आणि आकडे हवे असतात.

अर्ज लिलावाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी पोचला, तर सर्व्हिसरने ५ कामकाजाच्या दिवसांत (शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळून) लेखी पोच द्यायची असते. अर्ज पूर्ण आहे की अपूर्ण, अपूर्ण असेल तर नेमके कोणते कागद हवेत आणि ते कधीपर्यंत, हे त्या पत्रात हवं. मागितलेलं सगळं दिलंत की अर्ज निदान वरकरणी पूर्ण मानला जातो. पुढे त्यांना आणखी एखादा कागद आठवला तरी तो आणून देण्यासाठी पुरेसा वेळ मिळेपर्यंत तुमचं संरक्षण टिकतं. अर्ज पूर्ण झाल्याचं वेगळं पत्रही ५ कामकाजाच्या दिवसांत यायला हवं. ते पत्र मिळवा आणि जपून ठेवा. पुढचा सगळा वाद त्यावरच्या तारखेवरून होणार आहे.

कागद ऑनलाइन चढवलेत तर पडद्याचा फोटो घ्या. टपालाने पाठवलेत तर सर्टिफाइड मेलची पावती ठेवा. फॅक्स केलात तर यशस्वी झाल्याचा कागद. तुम्ही कधी पाठवलं याला महत्त्व नाही, त्यांना कधी मिळालं याला आहे.

मधेच सर्व्हिसर बदलला तर? असं वारंवार होतं. तुमचा अर्ज नव्याकडे जायला हवा आणि जुन्याला मिळालेली तारीखच धरली जायला हवी. तरीही सगळ्या कागदांचा दुसरा संच नव्या कंपनीला लगेच पाठवा. नियम तुमच्या बाजूने असला तरी हरवलेली फाइल कुणाच्याच बाजूने नसते.

पूर्ण अर्जाने काय मिळतं?

१२० दिवसांच्या आत, किंवा त्यानंतरही पहिला कागद दाखल होण्याआधी पूर्ण अर्ज पोचला, तर त्याचा निकाल लागून अपिलाची वाट संपेपर्यंत फोरक्लोजर सुरूच करता येत नाही. ही सर्वांत भक्कम जागा. वरच्या उदाहरणात मार्च संपण्याआधी अर्ज पूर्ण करण्याचं लक्ष्य ठेवा, म्हणजे एप्रिलचा महिना कागदांच्या ये-जा साठी उरतो.

फोरक्लोजर सुरू झालं आहे, पण लिलावाला ३७ दिवसांपेक्षा जास्त अवकाश आहे, अशा वेळी पूर्ण अर्ज पोचला तर ३० दिवसांत सर्व पर्यायांसाठी तपासणी करून लेखी उत्तर द्यावं लागतं. तोवर सर्व्हिसरला लिलावाचा आदेश किंवा निकाल मागता येत नाही आणि लिलावही करता येत नाही. इथे ‘३७ पेक्षा जास्त’ हे शब्द तंतोतंत पाळा. ३७ वा दिवस म्हणजे उशीर, ३८ वा चालतो.

अर्ज पोचला त्या दिवशी लिलावाची तारीख ठरलेलीच नसेल तर? नियम तो अर्ज लिलावाच्या ९० किंवा अधिक दिवस आधी आला असं धरतो. उद्या घाईने तारीख लावली तरी ही गणना बदलत नाही. म्हणून तारीख लागण्याआधी अर्ज पूर्ण करणं हा या साऱ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

टेक्सासमध्ये याचं महत्त्व जास्त. तिथे कोर्टाबाहेरच विक्री होते. राहत्या घराच्या बाबतीत थकबाकी भरायला किमान २० दिवसांची नोटीस, मग लिलावाच्या किमान २१ दिवस आधी विक्रीची नोटीस, आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. हिशेब करा: विक्रीची नोटीस हातात पडते तेव्हा ३७ दिवसांची रेषा कधीच ओलांडलेली असू शकते. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मंडळींनी ‘नोटीस आली की बघू’ म्हणणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. कॅलिफोर्नियातही विक्री बहुधा कोर्टाबाहेरच होते, पण नोटीस नोंदवल्यावर साधारण तीन महिने आणि मग विक्रीची किमान २० दिवसांची सूचना असते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, फ्लोरिडा इथे कोर्टातून जावं लागतं, त्यामुळे वेळ जास्त मिळतो. पण समन्स आल्यावर उत्तर दाखल करण्याची मुदत वेगळी असते (न्यू जर्सीत ३५ दिवस). सर्व्हिसरकडे अर्ज आहे म्हणून कोर्टाला उत्तर द्यायचं नाही, असं मुळीच नाही.

उत्तर आल्यावर

पर्याय साधारण असे: थकलेली रक्कम काही महिन्यांत वाटून भरणं, काही काळ हप्ता थांबवणं किंवा कमी करणं, थकबाकी कर्जाच्या शेवटी ढकलणं, आणि कर्जाच्या अटीच बदलणं, म्हणजे मॉडिफिकेशन. त्यात व्याजदर कमी होऊ शकतो किंवा मुदत ४० वर्षांपर्यंत ताणली जाऊ शकते. घर ठेवायचं नसेल तर कर्जापेक्षा कमी भावात विक्री, किंवा मालकी सरळ कर्जदात्याला देऊन टाकणं.

अर्ज लिलावाच्या ९० दिवस किंवा अधिक आधी पूर्ण झाला असेल तर होकार कळवायला किमान १४ दिवस मिळतात. ९० पेक्षा कमी पण ३७ पेक्षा जास्त असतील तर किमान ७. उत्तर दिलं नाही तर नकार समजला जाऊ शकतो. चाचणी हप्त्यांची योजना (अटी कायमच्या बदलण्याआधी काही महिने नवा हप्ता भरून दाखवायची) असेल आणि कागद वेळेत जमत नसतील, तर निदान पहिला हप्ता मुदतीत भरा, मग उरलेल्या पूर्ततेसाठी वाजवी वेळ द्यावाच लागतो.

मॉडिफिकेशन नाकारलं तर पत्रात नेमकी कारणं हवीत. निव्वळ वर्तमान मूल्याच्या गणितावरून, म्हणजे अटी बदलण्यात मालकाचा फायदा आहे की लिलावात या हिशेबावरून, नाकारलं असेल तर त्यात वापरलेले आकडे द्यावे लागतात. तेच आधी तपासा: उत्पन्न चुकीचं धरलंय का, घराची किंमत फुगवली आहे का, सोसायटीचं शुल्क सोडलंय का. अर्ज ९० दिवसांच्या निकषात बसला असेल, किंवा पहिल्या १२० दिवसांत आला असेल, तर १४ दिवसांत अपील करता येतं. ते वेगळ्या माणसांनी पाहावं लागतं आणि निकाल ३० दिवसांत. त्या निकालावर दुसरं अपील नाही.

नियम पाळले गेले नाहीत तर ‘नोटीस ऑफ एरर’, म्हणजे चूक दाखवून देणारं पत्र, लिहा. ती सर्व्हिसरने त्यासाठी जाहीर केलेल्या पत्त्यावरच पाठवा, हप्त्याच्या चेकसोबत नको. शिवाय ब्युरोकडे तक्रार नोंदवा, ऑनलाइन किंवा ८५५-४११-२३७२ वर.

‘आधी पैसे द्या, मॉडिफिकेशन मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या याच सुमारास दारात येतात. कर्जदात्याचा लेखी प्रस्ताव तुम्ही स्वीकारण्याआधी अशी फी घेण्याला केंद्रीय नियमांची बंदी आहे. आपल्याच भाषेत गोड बोलणारा असला तरी.

रेषा ओलांडली असेल तर

३७ दिवसांच्या आत आलात तरी अर्ज करा. रेग्युलेशन एक्स सक्ती करणार नाही, पण कर्जाच्या मालकाचे स्वतःचे नियम तपासणी करायला लावू शकतात. थकलेली पूर्ण रक्कम खर्चासह भरून कर्ज पूर्ववत करण्याची सोय अनेक राज्यांत आहे. कॅलिफोर्नियात ती लिलावाच्या ५ कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत असते. न्यू जर्सीत शेरीफच्या लिलावाला घरमालक दोनदा, प्रत्येकी ३० दिवसांपर्यंत तहकुबी मागू शकतो. शेवटचा मार्ग चॅप्टर १३ ची दिवाळखोरी. ती दाखल होताच लिलाव सहसा आपोआप थांबतो आणि थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडण्याची योजना मांडता येते. मात्र त्याआधी पतसल्ल्याचा छोटा कोर्स करावा लागतो आणि वकिलाशिवाय हे काम अवघड. लिलावाच्या आदल्या संध्याकाळी वकील शोधू नका.

एच-१बी वर असाल तर दोन घड्याळं

नोकरी गेल्यावर राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि फोरक्लोजरचं घड्याळ १२० दिवसांचं. पहिलं आधी संपतं. नवी नोकरी मिळण्याची शक्यता धूसर असेल आणि घराची किंमत उरलेल्या कर्जापेक्षा चांगलीच जास्त असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अर्ज-बिर्ज न करता घर बाजारभावाने विकायला काढा, आणि शक्य असेल तर विक्री होईपर्यंत हप्ते भरत राहा. लिलावात तुमची साठलेली किंमत वितळते, बाजारातल्या विक्रीत ती हातात येते.

घर तसंच ठेवून भारतात परतणार असाल तर ते ‘मुख्य घर’ राहतं का हे परिस्थितीवर ठरतं. नुसतं रिकामं असल्याने दर्जा जात नाही, पण भाडेकरू ठेवून कायमचे नाशिकला स्थायिक झालात तर जाऊ शकतो. निघण्याआधी सर्व्हिसरला नवा पत्ता लेखी कळवा, ज्याच्याशी बोलायची परवानगी द्यायची त्या मित्राचं नाव त्यांच्या फॉर्मवर नोंदवा आणि विक्रीचं कुलमुखत्यारपत्र अमेरिकेतच नोटरीसमोर सही करून ठेवा. भारतात गेल्यावर तेच काम मुंबईतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात अपॉइंटमेंट घेऊन किंवा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून होतं, पण त्यात दिवस जातात.